पाचही पर्याय बरोबरच वाटतात, ताई!

ताई,
मी बार्शीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग कॉमर्स. यंदा एमबीएची सीईटी देतेय. लॉजिकल आणि गणित बरं जातं, पण व्हर्बलमधल्या, म्हणजे इंग्रजीच्या भागातल्या, वाक्यदुरुस्तीच्या प्रश्नांत दर मॉकला मार खाते. टेन्सचे बाराही प्रकार पाठ आहेत, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह येतं, तरी प्रश्न समोर आला की पाचही पर्याय बरोबरच वाटतात. क्लासचे सर म्हणतात, इंग्रजी पेपर मोठ्याने वाच, कान तयार होईल, मग जे खटकेल ते चूक. मला काहीच खटकत नाही! मैत्रिणीच्या दादाने त्याची जीमॅटची (परदेशातल्या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची) जुनी जाडजूड पुस्तकं दिलीत, ती उघडली की आणखीच धडकी भरते. परीक्षेला दोन महिने आहेत. कॉन्व्हेंटवाल्यांपुढे माझा निभाव लागेल का? आणि ‘सगळ्यात छोटा पर्याय बरोबर असतो’ ही ट्रिक खरी आहे का?
— काहीच न खटकणारी, बार्शी

काहीच न खटकणाऱ्या मुली,

तुझ्या सरांचा सल्ला वाईट नाही, उशिरा मिळालेला आहे. रोज इंग्रजी वाचून कान तयार होतो, पण त्याला वर्षं लागतात, दोन महिन्यांत ते काम होत नाही. शिवाय तुला कान नाही असं थोडंच आहे? तुझा कान चांगला वीस वर्षं तयार झालेला आहे, फक्त मराठीवर. इंग्रजी वाक्य वाचताना तू मनातल्या मनात त्याचं मराठी करतेस (सगळेच करतात, कबूल कोणी करत नाही) आणि ते मराठी वाक्य ठणठणीत असतं. मग खटकणार काय? इंग्रजीला न चालणाऱ्या काही रचना मराठीत अगदी रीतसर आहेत. परीक्षेत बहुतेक चुका नेमक्या तिथेच पेरलेल्या असतात. अशा जागा शेकडो नाहीत, हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या आहेत. त्या माहीत करून घे आणि तिथे कान बंद ठेवून डोळे उघड.

आधी एक प्रश्न दोघी मिळून सोडवू. वाक्य असं आहे:

‘द क्वालिटी ऑफ द मँगोज सोल्ड इन दीज मार्केट्स हॅव डिक्लाइन्ड सिन्स द रेन्स बिगन.’

‘हॅव डिक्लाइन्ड’ अधोरेखित आहे, आणि पर्याय आहेत:

१. हॅव डिक्लाइन्ड
२. हॅज डिक्लाइन्ड
३. आर डिक्लायनिंग
४. इज डिक्लायनिंग
५. हॅव बीन डिक्लाइन्ड

तू काय करतेस ते मी इथे बसून सांगते. पहिला पर्याय वाक्यात घालून अख्खं वाक्य वाचतेस, ठीक वाटतं. दुसरा घालून पुन्हा अख्खं वाक्य, तेही ठीक वाटतं. पाचव्यापर्यंत जाईतो एक मिनिट गेलेलं असतं आणि डोक्याचा भुगा झालेला असतो. हे आडवं वाचन सोडून दे. पर्याय उभे वाच. वरून खाली नजर टाक आणि एकच बघ, ते एकमेकांपासून कुठे फुटतात? इथे पहिल्याच शब्दाला फुटतात: हॅव, हॅज, आर, इज, हॅव. म्हणजे परीक्षकाचा पहिला प्रश्न एकवचन की अनेकवचन, एवढाच आहे. ‘डिक्लाइन’चा अर्थ येत नसला तरी या प्रश्नाचं उत्तर देता येतं.

आता कर्ता शोध. ‘मार्केट्स’ क्रियापदाला अगदी चिकटून बसलंय, ते अनेकवचन. त्याआधी ‘मँगोज’, तेही अनेकवचन. म्हणून ‘हॅव’ गोड लागतं. पण घसरलंय काय? दर्जा. ‘क्वालिटी’ एकवचन, तेव्हा १, ३ आणि ५ एका फटक्यात गेले. उरले ‘हॅज डिक्लाइन्ड’ आणि ‘इज डिक्लायनिंग’. वाक्यात ‘सिन्स’ आहे, म्हणजे पूर्वी सुरू झालेली गोष्ट आजवर चालत आलीय, तिथे ‘हॅज’ लागतं. उत्तर दुसरा पर्याय. यात कुठेही अख्खं वाक्य पाच वेळा वाचावं लागलं नाही.

आणि ही फसगत का होते तेही बघून ठेव, म्हणजे पुन्हा होणार नाही. हेच वाक्य मराठीत म्हण: ‘या बाजारांत विकल्या जाणाऱ्या आंब्यांचा दर्जा घसरलाय.’ आपल्याकडे चा-ची-चे लागलेली सगळी वरात आधी येते आणि खरा मालक, ‘दर्जा’, शेवटी, क्रियापदाच्या शेजारी येऊन बसतो. म्हणून शेजारच्या नामाकडे बघून क्रियापद लावायची आपली सवय मराठीत बहुधा खरी ठरते. इंग्रजीत ‘ऑफ’मुळे मालक आधी येतो आणि वरात मागून, म्हणून शेजारचं नाम हमखास भलतंच निघतं. तेव्हा पेन्सिलीने म्हण किंवा मनाने म्हण, ‘ऑफ’पासून क्रियापदापर्यंतचा मजकूर झाकायचा. ‘अलाँग विथ’, ‘ॲज वेल ॲज’, ‘टुगेदर विथ’ यांच्या मागून येणाऱ्या मंडळींनाही झाकायचं, त्यांनी कर्ता अनेकवचनी होत नाही. ‘द मॅनेजर, अलाँग विथ हिज असिस्टंट्स,’ यापुढे ‘इज’च येणार.

दुसरी जागा ‘इंग’ने सुरू होणाऱ्या वाक्यांची. ‘वॉकिंग टू द बस स्टँड, द रेन स्टार्टेड.’ मराठी कर: ‘स्टँडकडे चालत जाताना पाऊस सुरू झाला.’ काय चूक आहे यात? काहीच नाही, आपण रोज असंच बोलतो. पण इंग्रजीच्या हिशेबाने इथे पाऊस स्टँडकडे चालत निघालाय. कारण इंग्रजीत त्या स्वल्पविरामानंतर लगेच जो येतो, तोच चालणारा धरतात. मराठीतही असा कडक नियम आहे, फक्त ‘ताना’ला नाही, ‘ऊन’ला आहे. ‘घरी येऊन आईने चहा केला’ म्हटलं की घरी आईच आली. ‘घरी येऊन चहा उकळला’ म्हटलंस आणि चहा आपोआप उकळला असं तुला म्हणायचं असेल, तर ते वाक्य कसनुसं होतं. इंग्रजीतलं हे ‘इंग’ आपल्या ‘ताना’सारखं सैल नसतं, ‘ऊन’सारखं कडक असतं. तेव्हा सुरुवातीला असं लटकलेलं वाक्यांश दिसलं की विचारायचं, कोण चालतंय? आणि स्वल्पविरामानंतरचं पहिलं नाम हे त्याचं उत्तर आहे का? पर्याय असे असतील: ‘द रेन स्टार्टेड’, ‘इट स्टार्टेड टू रेन’, ‘माय अम्ब्रेला ब्रोक’, ‘आय वॉज कॉट इन द रेन’. चालणारी मी, छत्री नव्हे, म्हणून शेवटचा. तीन सेकंदांचं काम. ‘बोर्न इन सातारा’, ‘बिल्ट इन द सेव्हन्टीन्थ सेंच्युरी’, ‘अनलाइक हर सिस्टर’ अशा सुरुवातींनाही हाच प्रश्न विचारायचा.

तिसरी जागा तुलनेची, आणि माझ्या मते सगळ्यात लबाड. ‘द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज लार्जर दॅन पुणे.’ मराठीत ‘मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त आहे’ याला व्याकरणाचे मास्तरही हरकत घेणार नाहीत. इंग्रजी मात्र इथे हटून बसते. लोकसंख्येची तुलना लोकसंख्येशीच, शहराशी नाही. तिला हवं ‘दॅन दॅट ऑफ पुणे’. अनेकवचन असेल तर ‘दॅन दोज ऑफ’. ‘दॅन’ दिसलं की दोन्हीकडच्या गोष्टी एकाच जातीच्या आहेत का, एवढं तपास. यात अजून एक आडवळण आहे, ‘एनी अदर’चं. ‘ही इज टॉलर दॅन एनी बॉय इन हिज क्लास’ यात तो स्वतःही त्या वर्गातच आहे, म्हणजे स्वतःपेक्षाही उंच झाला! म्हणून ‘एनी अदर बॉय’. मराठीत ‘वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा उंच’ म्हणताना आपण हे गृहीतच धरतो.

चौथी, जरी-तरीची. आपल्याला जोडीशिवाय चैन पडत नाही: जरी आलं की तरी, कारण आलं की म्हणून. त्यामुळे ‘ऑलदो द शॉप वॉज क्लोज्ड, बट द ओनर वॉज इनसाइड’ हे आपल्याला अगदी भरल्या घरासारखं वाटतं. इंग्रजीला दोघांपैकी एकच पुरतं. ‘ऑलदो’ असेल तर ‘बट’ काढ, ‘बिकॉज’ असेल तर ‘सो’ काढ. उलट काही जोड्या तिच्या स्वतःच्या आहेत आणि त्या मोडलेल्या चालत नाहीत: ‘नो सूनर’बरोबर ‘दॅन’, ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’बरोबर ‘व्हेन’, ‘नॉट ओन्ली’बरोबर ‘बट ऑल्सो’, ‘नायदर’बरोबर ‘नॉर’. यात तर्क लढवू नकोस, सरळ पाठ कर.

काळांचे बारा प्रकार पाठ आहेत म्हणतेस, पण त्यातला एकच आपल्याला खरा नडतो. ‘मी २०२१पासून इथे काम करते.’ वर्तमानकाळ, स्वच्छ मराठी. म्हणून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०२१’. हवं ‘हॅव बीन वर्किंग’. ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ आणि गोष्ट अजून चालू, असं दिसलं की ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ शोध. बाकी टेन्स तुला येतात.

शब्दयोगी अव्ययांचं, म्हणजे प्रिपोझिशन्सचं, फार लांबवत नाही, कारण तिथे समजण्यासारखं थोडं आणि लक्षात ठेवण्यासारखंच जास्त. आपण ‘विषयावर चर्चा’ करतो म्हणून ‘डिस्कस अबाऊट’ येतं, कुणा‘शी’ लग्न करतो म्हणून ‘मॅरीड विथ’, एखाद्या‘पेक्षा’ वरचढ असतो म्हणून ‘सुपीरिअर दॅन’. हवं नुसतं ‘डिस्कस’, ‘मॅरीड टू’, ‘सुपीरिअर टू’. ‘प्रिफर’लाही ‘टू’. अशी पन्नासेक जोडपी एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटव.

आता जिथे तुझा मराठी कान उपयोगाचा आहे, ती जागाही सांगते, नाहीतर सगळाच उदास कारभार होईल. ‘द मॅनेजर आस्क्ड हर टू चेक द बिल्स, कॉल द डीलर अँड दॅट शी शुड सेंड द रिपोर्ट.’ याचं शब्दाला शब्द मराठी कर: ‘मॅनेजरने तिला बिलं तपासायला, डीलरला फोन करायला आणि तिने रिपोर्ट पाठवावा असं सांगितलं.’ खटकलं की नाही? यादीतल्या सगळ्या गोष्टी एकाच साच्यात हव्यात, हे मराठीलाही कळतं. तपासायला, करायला, पाठवायला. म्हणून ‘टू चेक, कॉल अँड सेंड’. तीन गोष्टी स्वल्पविरामांनी जोडलेल्या दिसल्या की बेलाशक मराठी कर आणि कानावर विश्वास ठेव.

कॉन्व्हेंटवाल्यांचं म्हणशील तर त्यांचा कान तयार आहे, यात वाद नाही. पण कशावर तयार झालाय तेही बघ. ‘रिव्हर्ट बॅक’, ‘रिटर्न बॅक’, ‘डिस्कस अबाऊट’, ‘वन ऑफ माय फ्रेंड’, ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ हे पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत दिवसभर, अगदी झोकात बोललं जातं. ते ऐकत वाढलेल्या मुलाला हे खटकतच नाही, आणि आपल्याला इंग्रजी येतं या खात्रीपायी तो तपासतही नाही. मी शिकवते तिथे भराभर बोलणारी मुलं याच प्रश्नांवर सटकन उत्तर देऊन सटकन चुकताना दिसतात. उताऱ्यांच्या प्रश्नांत ते तुझ्या पुढे राहतील, त्यांचा वाचनाचा वेग जास्त आहे. वाक्यदुरुस्तीत तुला मागे राहायचं कारण नाही.

वेळेचा हिशेबही त्यामुळेच महत्त्वाचा. सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे सरासरी ४५ सेकंद. व्हर्बलचे ५० प्रश्न, पण त्यात उतारे आहेत आणि तुझा वेळ ते खाणार. तेव्हा वाक्यदुरुस्तीचा प्रश्न अर्ध्या मिनिटात उरकायला हवा. उभं वाचून दोन पर्यायांवर आलीस आणि तिथेच घुटमळायला लागलीस तर त्यातला एक टिक कर आणि पुढे जा. चुकलं तर गुण कापत नाहीत, तेव्हा प्रश्न कोरा सोडणं हा शुद्ध वेडेपणा. दोनांतून एक निवडलास तरी निम्मा डाव तुझा आहे.

‘दुरुस्तीची गरज नाही’ या पर्यायाबद्दल तू विचारलं नाहीस, पण तिथेही मुली अडखळतात. दुरुस्ती करायला बसलोय म्हणजे काहीतरी चूक असलीच पाहिजे, असं वाटून चांगलं वाक्य बिघडवून ठेवतात. वर सांगितलेल्या जागा भरभर तपासायच्या: कर्ता-क्रियापद, सुरुवातीचं ‘इंग’, तुलना, जोड्या, ‘सिन्स’, यादी, प्रिपोझिशन. काही सापडलं नाही तर वाक्य बरोबर आहे असं समजून बिनधास्त तोच पर्याय घ्यायचा. ‘अजून बघू, काहीतरी असेल’ करत बसायचं नाही.

आता दादाची पुस्तकं. ती इतक्या सहज मिळाली, त्याला कारण आहे. जीमॅटने वाक्यदुरुस्ती हा प्रकारच काढून टाकलाय. नोव्हेंबर २०२३मध्ये नवीन स्वरूपाची परीक्षा आली, त्यात तो नाही, आणि जुनी परीक्षा ३१ जानेवारी २०२४ला बंद झाली. म्हणजे ज्या परीक्षेसाठी ती पुस्तकं लिहिली तिला ते धडे आता लागत नाहीत, आणि तू बार्शीत बसून त्यांना घाबरतेयस. त्या परीक्षेत व्हर्बलच्या ३६ प्रश्नांना ६५ मिनिटं मिळायची, एकेका प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. त्यामुळे वाक्यं चार-चार ओळींची, एका वाक्यात तीन-तीन चुका, आणि पहिला पर्याय नेहमी मूळ वाक्य जसंच्या तसं. सीईटीची वाक्यं बहुधा एवढी लांब नसतात. म्हणून ती पुस्तकं पहिल्या पानापासून सोडवायला घेऊ नकोस, पण परतही देऊ नकोस. मॉडिफायर (वर सांगितलेलं सुरुवातीचं ‘इंग’), कंपॅरिझन (तुलना) आणि पॅरलेलिझम (एका साच्यातली यादी) हे तीन धडे काढ आणि रोज चार-पाच प्रश्न घे. घड्याळ लावायचं नाही. पर्याय उभे वाचून ते कुठे फुटतात तेवढं शोधायचं. लांब वाक्यात नजर बसली की सीईटीचं दीड ओळीचं वाक्य किरकोळ वाटायला लागतं. इडियमचा धडा सोडून दे, त्यातली बरीच माथेफोड तुला लागणार नाही.

आणि प्रश्न सोडवून झाल्यावर नुसते गुण मोजू नकोस. चुकलेल्या प्रश्नांची एक वही कर, पण तिच्यात नियम उतरवायचे नाहीत, नियम पुस्तकात आहेतच. वहीत एवढंच लिहायचं की मी कोणता पर्याय घेतला आणि त्याने मला कसं गंडवलं. ‘मार्केट्स शेजारी होतं म्हणून हॅव घेतलं.’ ‘मनात ताना केलं.’ ‘पेक्षा ऐकून सोडून दिलं.’ दहा-पंधरा दिवसांत दिसेल की तू वीस प्रकारे चुकत नाहीस, तीन-चारच प्रकारे पुन्हा पुन्हा चुकतेस. कुठले तीन-चार, ते मला इथून सांगता येणार नाही, तुझी वही सांगेल. मग उरलेला वेळ त्यांच्यावरच घाल. बरोबर आलेल्या प्रश्नांपैकीही जे अंदाजपंचे आले असतील त्यांच्यापुढे खूण कर, तेही चुकलेल्यांतच मोज.

राहिली छोट्या पर्यायाची ट्रिक. ती पूर्ण खोटी नाही. पाल्हाळ लावलेला, ‘बीइंग’ घुसडलेला, एकच गोष्ट दोनदा सांगणारा पर्याय बऱ्याचदा चुकीचा असतो, त्यातून ही समजूत निघाली. पण ‘दॅन पुणे’ हे ‘दॅन दॅट ऑफ पुणे’पेक्षा छोटं आहे, आणि चूक आहे. ‘ॲम वर्किंग’ हे ‘हॅव बीन वर्किंग’पेक्षा छोटं, तेही चूक. सगळं तपासून दोन पर्याय उरले, दोन्हींत चूक सापडत नाही आणि घड्याळ पुढे सरकतंय, अशा वेळी छोटा घे. त्याआधी नको.

— ताई